धुपाटणं
वेल्ह्यातून गडावर जाणाऱ्या वाटेवर ताक विकणारी धोंडाबाई प्रत्येक ट्रेकरला आधी हुंगायची. "सेंट मारलाय न्हवं? मग कड्याकडं जाऊ नगा. तितं आग्या मोहोळ हाय, वासानं न् धुरानं उठतंय." तिची लेक गायत्री त्याच कड्यावर गेली होती. लग्नाच्या पाचव्या दिवशी जोडीनं कड्यावरच्या देवीच्या दर्शनाला चढली, माशा उठल्या, आणि पळता पळता तिचा पाय घसरला. जावई तेवढा वाचला. तो म्हणाला होता, "धूप लावायच्या आधीच उठल्या, मामी. कुणी पोरं सेंट मारून आली हुती." तेव्हापासून तीन वर्षं ती शहरातल्या पोरांना तळतळून शिव्या देत होती. आज गड साफ करणारी पोरं कचऱ्याची पोती घेऊन उतरली आणि ताक प्यायला थांबली. त्यांच्यातल्या एका मुलीनं पोत्यातून हिरवट पडलेलं पितळी धुपाटणं काढलं. "मावशी, कड्याखालच्या कपारीत सापडलं. नाव कोरलंय बघा, गायत्रीस आईकडून." धोंडाबाईनं ते हातात घेतलं. लग्नात दिलेलं हे धुपाटणं पोर गडावर निघाली तेव्हाही कोरं करकरीत होतं, एकदाही न पेटवलेलं. तिनं आत बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली. तळाशी अर्धवट जळलेला कोळसा चिकटला होता. "तुमच्या ओळखीतलं कुणी आहे का?" मुलीनं विचारलं. धोंडाबाईला मात्र त्या सकाळी पोरीच्या हातात हेच धुपाटणं देताना आपण काय बोललो, तेवढंच ऐकू येत होतं. "देवीला धूप दावल्याबिगर माघारी येऊ नगंस."