चारचौघांत विचारलेला प्रश्न

मिस्त्री उभे राहिले आणि बस डेपोच्या विश्रांतिगृहात सामसूम झाली. डबा खाणाऱ्या ड्रायव्हरांचे हात थांबले. भिंतीला लावलेल्या लांब टेबलामागे वकीलबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ. त्याने डोळे मिटून घेतले. प्रचार सुरू झाल्यापासून तो ज्या माणसाची गाठ पडू नये म्हणून धडपडत होता, तोच नेमका समोर उभा होता.

"मी इथे वर्कशॉपला आहे," मिस्त्री म्हणाले. हाताला ग्रीस होतं, ते त्यांनी पुसलंही नव्हतं. "माझा थोरला कसा गेला, ते बाईंना सांगायला नको."

खरंच नको होतं. दहाएक वर्षांपूर्वी कामावरून घरी येताना त्याचा खून झाला होता. पोलिसांनी बाजारात हमाली करणाऱ्या एका तरुणाला धरलं. त्याने गुन्हा कबूल केला. सगळ्या शहराला हायसं वाटलं. त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना, ते बाईंनी घेतलं. कबुलीजबाब मारून मारून घेतलाय, हे त्यांनी उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याच्याच तोंडून वदवून घेतलं. तरुण सुटला. खून त्यानेच केला होता का, हे बाईंना तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. निकालानंतर मिस्त्री कोर्टाच्या जिन्यात उभे होते. त्यांनी शिवी दिली नाही, शापही दिला नाही. नुसतं बाईंकडे बघितलं. शिव्या खायची बाईंना सवय होती. त्या बघण्याने मात्र त्यांची झोप उडाली होती.

बाईंची सगळी वकिली अशाच लोकांसाठी गेली. कोठडीत मेलेल्यांच्या आया, मोर्च्यात धरलेली पोरं, बंद पाडलेल्या मासिकाचा संपादक. बाकीच्या वकिलांनी हात वर केले की माणसं बाईंचा जिना चढायची. एकेक माणूस सोडवून आपण म्हातारे होणार, त्यापेक्षा कायदे होतात तिथेच जाऊन बसावं, म्हणून त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. विरोधकांना फार डोकं चालवावं लागलं नाही. 'खुन्यांची कैवारी' एवढेच शब्द चौकाचौकात लागले.

भावाने तिच्यासाठी आपला छापखाना नोकरांवर टाकला होता. डेपोची मतं गेली तर सगळंच गेलं, हे त्याला पाठ होतं. आज गाडीतही त्याचं तेच चाललं होतं.

"ताई, मी माफी माग म्हणत नाहीये. नुसती खंत व्यक्त कर. खंत सगळेच व्यक्त करतात, त्याने कोणाचं काही बिघडत नाही."

बाई हसल्या होत्या, पण नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या थकल्या होत्या. शिवाय भावाचं चूक होतं असंही नाही. निवडून आलं तर शंभर माणसांचं भलं होईल, त्यासाठी एक वाक्य बोलायला काय जातंय? वाक्य ठरलं होतं. 'आजची मी असते, तर तो खटला घेतला नसता.' येताना बाईंनी ते मनाशी दोनदा म्हणूनही बघितलं होतं.

"माझा एकच प्रश्न आहे," मिस्त्री म्हणाले. "तसाच माणूस उद्या तुमच्याकडे आला, तर त्याचं वकीलपत्र घ्याल?"

भावाने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. बाईंनी तोंड उघडलं. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोरचा माणूस तसाच बघत होता, जिन्यात बघितलं होतं तसाच. त्याच्या तोंडावर खोटं बोलणं बाईंना जमेना.

"घेईन," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा गेला, मिस्त्री, त्यावर मी काय बोलणार. पण घेईन."

कोणी आरडाओरडा केला नाही. एकाने डब्याचं झाकण लावलं. मग दुसऱ्याने. बाकं सरकली. एका ड्रायव्हरने छातीवरचा प्रचाराचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "निघतो बाई, ड्युटी आहे." बघता बघता खोली रिकामी झाली. भाऊ उरलेली पत्रकं गोळा करायला लागला. बहिणीकडे बघायचं तो टाळत होता.

"चल, ताई," तो शेवटी म्हणाला. "आता घरी जाऊन निवांत जेवू. घाई कसलीच राहिली नाही."

बाई उठल्या. मिस्त्री अजून तिथेच उभे होते. ते टेबलाजवळ आले.

"एकट्यात विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असता," ते म्हणाले. "मतं समोर बसलेली असताना काय म्हणता, ते बघायचं होतं."

"बघितलंत ना?" भाऊ म्हणाला. "समाधान झालं?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"माझ्या थोरल्याच्या खुन्याला तुम्ही सोडवलंत, असं मी आजही मानतो, बाई. मरेपर्यंत मानेन." त्यांनी हात पँटला पुसले. "आज सकाळी पोलीस माझ्या धाकट्याला घेऊन गेले. मला तसाच वकील पाहिजे."