तारेतलं ‘सीरियस’

गोवर बरा झाला तरी मंदाचा ताप उतरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हिच्या वडिलांना बोलावून घ्या.” हे मिलिटरीत, सरहद्दीवर. अकोल्याच्या पोस्टात मी तारेत ‘आजारी’ एवढंच लिहिलं. पोस्टमास्तरांनी मान हलवली. “वहिनी, सीरियस लिहा. त्याशिवाय रजा मिळत नाही.” कॉलेजात या विशेषणाचा अर्थ ‘गंभीर’ असा शिकले होते. आमच्याकडे तारेत सीरियस आलं की माणूस गेलं असंच समजतात. मागे मामंजी वारल्यावर यांना तीच तार केली होती. “नगं बाई,” सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “त्यो तितंच खचंल.” खांद्यावर मंदा धापा टाकत होती. मी लिहिलं, ‘मंदा सीरियस, ताबडतोब निघा.’ खाली पाठवणाऱ्याचं नाव घातलं: मंदा. “पोरगी कशी तार करील?” मास्तर म्हणाले. सासूबाईंनी तिचं टोपडं सारखं केलं. “पाठवा तशीच. गेल्यालं मानूस कुटं तार करतंय?”