चौथा पिंजरा

चौथ्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या शेपटीतून निघालेला रक्ताचा थेंब मॅडमनी पट्टीवर घेतला, आकडा पाहिला, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतला. मग उरलेले तिघे तपासले. चौघांचीही साखर उतरली होती.

"मामा," त्या म्हणाल्या, "औषध लागू पडलं."

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामाच म्हणत, आणि उंदरांना त्याचे भाचे. भाच्यांना चरबीच्या निळ्या गोळ्या खाऊ घालून आजारी पाडायचं आणि मग औषध द्यायचं, असं हे अजब मामाचं घर. मॅडमनी त्याला एकदा समजावलं होतं. चरबी फार वाढली की शरीराचे पहिले पहारेकरी तिलाच शत्रू समजून झुंजायला लागतात. आत आग धुमसत राहते. ताप नाही, दुखणं नाही. पण साखर चढते, रक्तदाब चढतो, यकृत बिघडतं. या औषधाने ते पहारेकरी शांत व्हायचे होते.

मामाला ते चटकन पटलं. त्याची आई याच दुखण्याने गेली, थोरला भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. आता चौदा वर्षांच्या लेकीच्या मानेवर, साखर चढू लागल्याची खूण म्हणून, काळसर पट्टा उमटला होता. तिच्या तपासणीचा कागद त्याने मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचून, घडी घालून परत दिला होता.

आज मात्र त्या हसत होत्या. "बाजारात यायला दहा वर्षं धरा. लेक तेव्हा चोवीसची असेल. वेळेत होईल, मामा."

त्यांनी फोन उचलला. काही दिसत नसेल तर काम गुंडाळा, म्हणून मोठे साहेब महिनाभर मागे लागले होते. मामा पुढे झाला.

"मॅडम, फोन ठेवा जरा."

तपासणीसाठी उंदीर रात्रभर उपाशी ठेवलेले, त्यामुळे पिंजऱ्यात दाणा नव्हता. मामाने ओट्याखालचा डबा ओढला आणि त्यातली एक गोळी मॅडमच्या तळहातावर ठेवली. तपकिरी, साधी.

"या चौघांना तीन आठवडे हीच घातली. निळी नाही."

"का?"

"यांच्यातला पाचवा मेला तेव्हा घाबरलो. सगळेच मेले तर काम बंद पडेल. म्हटलं, औषधाला जरा हातभार लावावा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गोळी बोटांत फिरवून पाहिली.

"आणि बाकीचे पिंजरे?"

"त्यांना निळीच. औषधही रोज, वेळच्या वेळी. माझ्या हातानं."

बाकीच्या पाच पिंजऱ्यांचे आकडे सकाळीच लिहून झाले होते. एकातही फरक नव्हता; पिंजऱ्यागणिक मात्रा वेगळी, म्हणून चौथ्याची बरोबर बसली असं मॅडमना वाटलं होतं. औषधाने काहीच केलेलं नव्हतं. जे झालं होतं ते साध्या दाण्याने. एवढे दिवस जीव लावून, वजन करून, पिचकारीने थेंब थेंब पाजलं ते पाणीच म्हणायचं. मामाला रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही. एवढी आशा धरल्याबद्दल त्याला स्वतःचीच चीड आली.

मॅडम स्टुलावर बसल्या. साहेबांचाच फोन आला, तो त्यांनी वाजू दिला. मामाकडे बघून त्यांनाच काहीतरी बोलावंसं वाटलं असणार.

"निदान एवढं तर दिसलं," त्या हळूच म्हणाल्या, "नुसतं साधं खाऊनही साखर उतरते. मुलीला आजपासून..."

"मुलगी दोन वर्षं तसंच खातेय, मॅडम," मामा म्हणाला. "कधी कुरकुरसुद्धा केली नाही तिनं."