शेवाळाचा पडदा

१४ ऑगस्ट २०६१, सकाळचे साडेदहा. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात, कल्पना मुळात कोणाला सुचली हे स्मृतींतून शोधणाऱ्या उगममापकासमोर, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर प्रा. बोरवणकर बसले, दुसरीवर त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉ. शर्वरी गुंजाळ. खारे पाणी गोड करणाऱ्या शेवाळाच्या पडद्याच्या पेटंटमधले दोघांचे हिस्से आज ठरणार होते.

"सर, अर्जात तुमचा निम्मा हिस्सा मी आधीच लिहिलाय. मापन कशाला? एकदा झालं की तोच आकडा कायम राहतो."

"निम्मा? कल्पना माझी आणि वर्तमानपत्रात फोटो तुझे! होऊ दे मापन."

ते फोटो त्यांना वर्षभर सलत होते.

यंत्राने दोघांच्या स्मृती तपासल्या. कल्पनेचा पहिला क्षण बोरवणकरांच्याच स्मृतीत स्पष्ट सापडला आणि कक्षात ऐकू आला : आधी विद्यार्थिनी शर्वरीचा आवाज, मग त्यांचा स्वतःचा.

"सर, पडद्यावरचं शेवाळ न घासता वाढू दिलं तर?"

"शेवाळ म्हणजे काय मेथी आहे, वाढवायला? घासून काढ आणि मुकाट्याने प्रबंध लिही."

शर्वरी खाली मान घालून म्हणाली, "हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, सर."

फलकावर निकाल उमटला. बोरवणकरांचा हिस्सा : शून्य टक्के.