कापसाचे बोळे

काकांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचा टीव्ही सगळं घर डोक्यावर घ्यायचा. काकू कानात कापसाचे बोळे घालून शेजारी बसायच्या आणि विनोदी मालिका बघता बघता काकांचा उद्धार करायच्या. शेवटी लेकीने काकांना कानाचं यंत्र आणून दिलं. आवाज खाली आला.

"सुटले बाई एकदाची!" म्हणत काकूंनी कापसाची डबी कपाटात टाकली.

चार दिवसांत काकांच्या लक्षात आलं, विनोद झाला की काकू टीव्हीकडे नाही, आपल्या तोंडाकडे बघतात. आपण हसलो की मग हसतात.

"काय म्हणाला गं तो?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"आता यंत्र आहे ना कानात? मग ऐका की!" काकू फणकारल्या.

सकाळीच नवा सेल घातलेलं यंत्र काकांनी काढून खिशात ठेवलं. "सेल संपला वाटतं," म्हणत आवाज पहिल्यासारखा मोठा केला.

"झालं! पुन्हा ये रे माझ्या मागल्या!" काकू करवादल्या.

डबी मात्र कपाटातच राहिली. आणि पुढच्या विनोदाला काकू काकांच्या आधी हसल्या.