नवं रूप

फोन वाजला तसं दिगंबरने सवयीने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. फोन वाजतच राहिला. त्याने आजूबाजूला चाचपडून पाहिलं, तोवर फोन थांबला. सकाळपासून असंच चाललं होतं. जन्मापासून दृष्टी नसलेला दिगंबर मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करायचा आणि त्याची सगळी कामं फोनवरच यायची.

माहेरपणाला आलेल्या धाकट्या बहिणीने, शैलाने, फोन हातात घेतला. "अरे दादा, रात्रीत अपडेट झालाय. किती देखणा दिसतोय आता! बटणं तेवढी नव्या जागी गेलीत. थांब, पुढचा फोन मी उचलते."

"आणि उद्या तू नाशिकला गेलीस की?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "मागच्या दिवाळीतही हेच झालं होतं. मी सगळं पाठ करतो आणि जणू कुणीतरी येऊन घरातलं सामान हलवून जातं. मला न विचारता."

शैला त्याच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या फोनवरून त्यालाच फोन लावत राहिली. तो चुकत होता, वैतागत होता, पुन्हा बोट फिरवून बघत होता. ताटातलं जेवण निवून गेलं, तेव्हा कुठे तिच्या कानाशी त्याचा आवाज आला, "हॅलो."

"जमलं की रे!" ती ओरडलीच.

"जमलं," फोन खाली ठेवत तो म्हणाला. "आता पुन्हा बदलू नका, हे सांगायला कुणाला फोन लावायचा गं?"