धवलारणीचं जपानी

"हाहा वा..." म्हणून चांदणी अडली. पुढचं काही केल्या आठवेना. उद्या जपानीची तोंडी परीक्षा. पहिल्या येणाऱ्या दोघांना कॉलेज महिनाभर जपानला पाठवणार होतं, आणि ही मुर्धा गावातल्या घराच्या ओटीवर येरझाऱ्या घालत होती.

"क्योशि देस," सुपात सुका जवळा निवडता निवडता तिची आई, सावित्री, म्हणाली.

चांदणी जागच्या जागी थांबली. आईला कुठलं जपानी? मराठीसुद्धा ती बसच्या पाटीपुरतीच वाचायची. पण सावित्री धवलारीण होती. मुर्ध्यापासून डोंगरीपर्यंत कुणाकडे लग्न निघालं की धवले म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. ती लग्नाची गाणी कुठे लिहिलेली नव्हती, सगळी कानावाटे आत गेलेली. पंधरा दिवस लेकीची घोकंपट्टी कानावर पडत होती, तीही तशीच गेली.

"तुला सगळं येतं?"

"येतंय की. बोलू?" आणि सावित्रीने नावापासून छंदापर्यंत सगळा पाठ धडाधड म्हणून दाखवला, तोही जरासा चालीत. चांदणीला हसू आवरेना. आपली आई म्हणजे काय चीज आहे, असंही वाटून गेलं.

"आता अर्थ सांग गो. अर्थाबिगर मी कवा धवला बोलली न्हाय."

चांदणी एकेक ओळ सांगत गेली. माझं नाव, माझं गाव, माझं कॉलेज. अडली होती त्या ओळीपाशी ती पुन्हा अडली.

"आन याचा?"

"माझी आई शिक्षिका आहे."

सावित्रीचा हात सुपातच राहिला.

"सगळ्यांचं तेच आहे गं आई," चांदणी घाईघाईने म्हणाली. "वर्गातल्या तीसच्या तीस जणांच्या आया शिक्षिका. सरांनीच लिहून दिलंय. एक शब्द बदलला की परीक्षक त्याच्यावरच पुढचे प्रश्न काढतात. मग आम्ही मेलोच."

"मंग तेच बोल. मार्क मिलाले पायजेत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर चांदणीला सोपं गेलं असतं. "आमचा धवला पन दर घरी तोच असतो. फक्त आयशीचा नाव त्या घरचा घालाचा. दुसऱ्या बाईचा घातला तं मांडवातल्या बाया गाना थांबवतात."

ती पुन्हा जवळ्यातला कचरा वेचू लागली. मान काही वर केली नाही.

चांदणी उंबऱ्यावर बसली. मोबाइलवर तिने बराच वेळ शब्द शोधले, पुसले, पुन्हा जुळवले. कुठली गाणी, कुणाच्या लग्नात, कोणी शिकवली, असे दहा प्रश्न येणार हे तिला दिसत होतं. त्यातल्या एकाचंही उत्तर तिच्याकडे पाठ नव्हतं. जपान हातचं जाऊ शकत होतं. तरी तिने सरांच्या पाठाची वही मिटली.

"हाहा वा उता ओ उताइमास," ती पुटपुटली.

"ही ओल नवी हाय. काय अर्थ?"

"माझी आई गाणी म्हणते."

सावित्रीने सूप बाजूला ठेवलं.

"मंग अशी हलू काय बोलतेस? मांडवाच्या भायेर आयकू गेला पायजे."